ओपिनेल क्रमांक 8: मुठीच्या बाजूने पाहिलेला घडीचा चाकू

घडीच्या चाकूची चर्चा बहुधा पोलादापासून सुरू होते आणि पोलादापाशीच संपते. पोलाद कोणते, ते किती कठीण, धार किती टिकते याविषयी हौशी माणसे तासन्‌तास बोलतात. पण पेरूच्या फोडी करताना, पुठ्ठ्याचे खोके उघडताना किंवा सुतळी कापताना हाताला लागते ती मूठ, आणि तिच्याविषयी मात्र ‘पकड चांगली आहे’ एवढ्या एका वाक्यात सारे उरकले जाते. फ्रान्सच्या सॅव्हॉय प्रांतात तयार होणाऱ्या ओपिनेल क्रमांक 8 या चाकूचे हे परीक्षण मी मुद्दाम मुठीच्या बाजूने लिहितो आहे. माझे मत आधीच सांगतो. एकदा उघडून हातात धरल्यावर इतका सुखकर घडीचा चाकू या किमतीच्या आसपास दुसरा मिळणे कठीण आहे; मात्र तो उघडण्याच्या आणि मिटण्याच्या बाबतीत, विशेषतः आपल्याकडच्या पावसाळ्यात, हाच चाकू बराच हट्टी आहे. या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे, ते म्हणजे त्याची साधी लाकडी मूठ.

जोसेफ ओपिनेल यांनी हा चाकू 1890 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, आल्प्स पर्वतातील मोरियेन खोऱ्यात घडवला. तो शेतकरी, गुराखी आणि मळेवाले यांच्यासाठी होता, म्हणजे दिवसभर हाताने काम करणाऱ्यांसाठी. 1897 मध्ये त्यांनी एकाच घाटाचे चाकू 1 ते 12 अशा चढत्या क्रमांकांनी तयार केले. पुढे 1930च्या दशकात 1 आणि 11 हे क्रमांक बंद झाले, बाकीचे आजही मिळतात. या क्रमांकांकडे लोक संग्राहकाच्या कौतुकाने पाहतात. मला त्यात आरामाचा एक व्यवहारी विचार दिसतो. हाताचे माप माणसागणिक बदलते, आणि इथे घाट तोच ठेवून लांबी-जाडी मात्र पायरीपायरीने वाढत जाते. पायताण मापाप्रमाणे घ्यावे हे आपल्याला पटते, पण चाकू मापाप्रमाणे घ्यावा हे बहुतेक उत्पादक आजही ग्राहकाला सुचवत नाहीत. क्रमांक 8 चे पाते साडेआठ सेंटिमीटरचे, मूठ सुमारे 11 सेंटिमीटरची आणि वजन जेमतेम 45 ग्रॅमच्या आसपास आहे. खिशात तो आहे की नाही हे हात घालून पाहावे लागते.

मुठीच्या मापांविषयी केवळ आवडीनिवडीवर बोलण्याची गरज नाही. अमेरिकेतील नायॉश ही व्यावसायिक आरोग्य संस्था आणि कॅलिफोर्निया राज्याचा कामगार-सुरक्षा विभाग यांनी 2004 मध्ये हातअवजारांच्या निवडीसाठी केलेल्या मार्गदर्शनात, जोर लावायच्या एकमुठी अवजाराच्या मुठीचा व्यास सुमारे 32 ते 51 मिलिमीटर आणि नाजूक कामाच्या अवजाराचा 6 ते 13 मिलिमीटर असावा, असे सांगितले आहे. जोराच्या कामात मूठ तळव्याच्या सर्वांत रुंद भागापेक्षा लांब, म्हणजे साधारण चार ते सहा इंचांची असावी, मुठीला धारदार कडा नसाव्यात आणि बोटांसाठी कोरलेल्या खोबणीही नसाव्यात, अशाही सूचना त्यात आहेत. शेवटची सूचना वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल, कारण बोटांच्या खोबणी असलेली मूठ दुकानात हमखास ‘आरामदायी’ म्हणून खपवली जाते. परंतु खोबणी ज्याच्या हातावरून कोरलेली असते त्याच्याच बोटांना ती बसते. इतरांच्या बोटांखाली खोबणीमधले उंचवटे येतात, आणि जोर लावला की ते उंचवटेच बोचतात.

ओपिनेलची मूठ या मोजपट्टीवर ठेवली, तर ती एका अर्थाने नापास होते. तिची जाडी जेमतेम दोन सव्वादोन सेंटिमीटर आहे. म्हणजे जोराच्या पकडीसाठी ती बारीक आणि नाजूक पकडीसाठी जाड. पण घडीच्या चाकूचे काम या दोन्हींच्या मधले असते. आपण चाकू कुऱ्हाडीसारखा आवळत नाही आणि लेखणीसारखाही धरत नाही. तर्जनी आणि अंगठा पुढे, पाते जिथे मुठीला जोडलेले असते तिथल्या पोलादी वळ्यापाशी, उरलेली तीन बोटे मागे सैल, अशी मिश्र पकड असते, आणि त्या पकडीत ही मधली जाडी चपखल बसते. पुढे वळ्यापाशी मूठ निमुळती होते, मध्ये थोडी फुगते, पुन्हा आवळते आणि शेवटी माशाच्या शेपटीसारखी किंचित रुंदावून खाली वळते. ही शेपटी करंगळीला अडते, त्यामुळे चाकू ओढून कापताना मूठ हातातून पुढे सरकत नाही. 11 सेंटिमीटर लांबी म्हणजे चार इंचांपेक्षा थोडी अधिक, त्यामुळे मध्यम पंजाच्या माणसाचा पूर्ण तळवा तिच्यावर मावतो. मोठ्या पंजाच्या माणसाला मात्र शेपटीचे टोक तळव्याच्या मधोमध टेकते आणि अर्ध्या तासाच्या कामानंतर तिथे लाली दिसू लागते. अशांनी 9 किंवा 10 घ्यावा.

मुठीचा छेद जवळजवळ गोल आहे, आणि या चाकूचा सर्वांत मोठा गुण आणि एक खरा दोष दोन्ही त्या गोलाईतच आहेत. गुण असा, की हाताला कोठेही कोपरा लागत नाही आणि पकड क्षणात बदलता येते. आपल्याकडे स्वयंपाकघरात विळीचे पाते स्थिर असते आणि भाजी त्याच्यावर फिरते; प्रवासात विळी नसते, म्हणून पुष्कळजण भाजी किंवा फळ हातातच धरून चाकू अंगठ्याच्या दिशेने ओढत कापतात. पाट नाही, ताट नाही, फोडी थेट डब्यात पडतात. या पद्धतीत पात्याचा कोन सारखा बदलावा लागतो: साल काढताना पाते जवळजवळ आडवे, फोड करताना उभे, बाठा सोडवताना तिरके. चपट्या मुठीचा चाकू अशा वेळी मनगट वळवायला लावतो, गोल मूठ मात्र बोटांतल्या बोटांत फिरते आणि मनगट सरळ राहते. तासाभराच्या कामात हा फरक चांगलाच जाणवतो. दोष असा, की हात ओला किंवा तेलकट असला तर हीच मूठ न सांगता फिरते. डोळे मिटून चाकू हातात घेतला तर चपट्या मुठीवरून धार कोणत्या बाजूला आहे ते कळते. ओपिनेलमध्ये ते कळण्यासाठी शेपटीच्या वळणाचा अंदाज घ्यावा लागतो. रात्री तंबूत किंवा वीज गेल्यावर हे आठवणीत ठेवायला हवे.

मुठीविषयी बोलताना पाते बाजूला ठेवता येत नाही, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. हात दुखतो तो मूठ वाईट असल्यामुळे जितका, तितकाच जास्त जोर लावावा लागल्यामुळे दुखतो. ओपिनेल क्रमांक 8 चे पाते पाठीकडे दोन मिलिमीटरही जाड नाही, आणि पाठीपासून धारेपर्यंत ते हलक्या फुगीर उताराने बारीक होत जाते. म्हणून ते गाजर किंवा कच्चा आंबा फाडत नाही, त्यातून सरकते. ज्या चाकूंची पाती ‘मजबुती’च्या नावाखाली तीन-साडेतीन मिलिमीटर जाड असतात, ते गाजराची चकती कापण्याऐवजी फोडतात, ‘टक्’ असा आवाज येतो आणि तो धक्का मुठीतून बोटांच्या पेरांपर्यंत पोहोचतो. अशा चाकूंना रबराची, खडबडीत, खोबणींची मूठ लागते, कारण पाते हाताकडून अधिक जोर मागते. ओपिनेलचे पाते कमी मागते, म्हणून त्याला साधी मूठ पुरते. बारीक पाठीचा एक त्रास आहेच: पाठीवर अंगठा ठेवून दाब द्यायचा झाला, जसे लाकडाची काडी टोकदार करताना होते, तर ती अरुंद पाठ अंगठ्याच्या मांसात रुतते. सुतारकामासारखे काम रोज असेल तर हा चाकू त्यासाठी नाही.

तुलनेसाठी दोन चाकू घेणे योग्य ठरेल, कारण आपल्याकडच्या खरेदीदारापुढे बहुधा तेच असतात. पहिला व्हिक्टोरिनॉक्सचा लाल चाकू. कार्ल एल्सनर यांनी 1897 मध्ये लष्करी अधिकाऱ्यांसाठीच्या ज्या चाकूचे हक्क नोंदवले, त्याच वंशातला हा 91 मिलिमीटरचा प्रकार आहे. अवजारांची पेटी म्हणून त्याला तोड नाही. चाकू म्हणून, म्हणजे नुसते पाते उघडून सलग कापण्यासाठी, तो हाताला फारसा मानवत नाही. 91 मिलिमीटर म्हणजे चार इंचांच्या आतली लांबी, त्यामुळे करंगळीला जागा उरत नाही. आणि ज्या प्रकारांत बूच काढायचा स्क्रू पाठीकडे दुमडलेला असतो, तिथे पाते दाबताना तो नेमका तळव्यात टोचतो. या मापाच्या चाकूत पात्याला कुलूपही नसते, फक्त स्प्रिंगचा ताण असतो. त्याच घराण्यातले 111 मिलिमीटरचे कुलूपवाले प्रकार हाताला कितीतरी बरे आहेत, पण ते खिशात जड होतात.

दुसरा प्रकार अमेरिकी पद्धतीच्या एकहाती चाकूंचा. स्पायडर्को या कंपनीने 1981 मध्ये पात्याला गोल भोक आणि मुठीला खिशाची क्लिप असलेला चाकू बाजारात आणला, आणि तेव्हापासून या वर्गाचा घाट ठरून गेला. भोकात अंगठा घालून पाते एका हाताने उघडता येते. दुसऱ्या हातात दोरीचे टोक, फांदी किंवा बाळ असेल तर ही सोय अमूल्य आहे, आणि ओपिनेल तिच्या जवळपासही येत नाही. परंतु ज्या क्लिपमुळे हे चाकू लोकप्रिय झाले, तीच क्लिप हाताला सर्वाधिक बोचते. पत्र्याची ती पट्टी मुठीच्या एका बाजूला उंच उभी असते आणि जोर लावला की तिची कड चारही बोटांच्या मुळाशी किंवा तळव्यात दाबली जाते. दोनचार काप घेईपर्यंत काही वाटत नाही. सलग पंधरा-वीस खोकी उघडली की मग कळते. पुष्कळजण शेवटी क्लिप काढून ठेवतात. ओपिनेलच्या मुठीवर क्लिप नाही, स्क्रू नाहीत, दोन बाजूंच्या पट्ट्यांमधला सांधाही नाही; एकसंध लाकूड आहे, ज्यात पात्यासाठी चीर पाडली आहे. हाताला बोचू शकेल असे एकच ठिकाण आहे, ते म्हणजे पुढचे पोलादी वळे.

ते वळे म्हणजे व्हिरोब्लॉक, मार्सेल ओपिनेल यांनी 1955 मध्ये शोधलेले कुलूप. मुठीच्या तोंडाशी चीर असलेले वळे बसवलेले असते. पाते उघडले आणि वळे बोटाने फिरवले की चीर बाजूला सरते आणि पात्याचा मागचा रस्ता बंद होतो. नव्या चाकूंत पाते मिटलेले असतानाही वळे फिरवून कुलूप लावता येते, म्हणजे पिशवीत चाकू आपोआप उघडण्याचे भय नाही. वळे डावी-उजवी पाहत नाही, त्यामुळे डावखुऱ्यांनाही ते सारखेच सोपे पडते; नख अडकवायची खाच मात्र पात्याच्या एकाच बाजूला आहे. अंगठ्याने मागून रेटायच्या किंवा पत्र्याची पट्टी बाजूला सारून पाते मिटायच्या आधुनिक कुलुपांपेक्षा मला हे वळे मिटताना अधिक सुरक्षित वाटते, कारण कुलूप काढताना एकही बोट पात्याच्या वाटेत येत नाही. पट्टीच्या कुलुपात अंगठा पात्याच्या वाटेतच असतो, आणि तो वेळेवर काढायची सवय लावून घ्यावी लागते. व्हिरोब्लॉकची तक्रार वेगळी आहे. ते दोन हातांचे काम आहे, बोटे ओली असली तर गुळगुळीत वळ्यावर घसरतात, आणि चिरेच्या कडा नव्या चाकूत कधी कधी टोकदार असतात. तर्जनी नेमकी तिथेच टेकत असल्याने बारीक पॉलिश कागदाने त्या कडा दोन मिनिटे घासून घ्याव्यात. एवढ्या साध्या कामाने पकडीत पडणारा फरक महागड्या चाकूंच्या जाहिरातीतल्या कितीतरी दाव्यांपेक्षा खरा आहे.

उघडण्याचा त्रास यापुढचा. ओपिनेलमध्ये स्प्रिंग नाही. पाते जागेवर धरून ठेवते ते लाकूड आणि रिव्हेट, म्हणजे पाते ज्यावर फिरते ती खीळ, यांच्यातले घर्षण. कोरड्या हवेत हे घर्षण बरोबर असते, पाते मऊपणे आणि एकसारख्या ओढीने उघडते. पण मूठ बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची आहे, आणि ते ओलावा पिऊन फुगणारे आहे. मुठीच्या बाहेर वार्निश असते, मुठीतल्या चिरेच्या आत मात्र ते नीट पोहोचत नाही, आणि फुगण्याचे काम आतच होते. कोकणात किंवा घाटमाथ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये चिरेच्या दोन्ही भिंती पात्याला आवळून धरतात आणि खाचेत नख घालून ओढले तर पात्याआधी नख सोडून देते. ज्यांची नखे कापलेली असतात, ज्यांच्या बोटांचे सांधे धरलेले असतात, त्यांच्यासाठी हा चाकू पावसाळ्यात जवळजवळ बंदच होतो. एरवी निदान पात्याची पाठ मुठीबाहेर थोडी डोकावते, त्यामुळे ती चिमटीत धरून ओढता येते. आवळलेल्या चाकूत तेही कठीण जाते.

सॅव्हॉयच्या लोकांना हा स्वभाव ठाऊक आहे आणि त्यांची त्यावर एक युक्तीही आहे, जिला तिथे सॅव्हॉयचा ठोका म्हणतात. वळे मोकळे करायचे, मूठ सैल धरायची आणि शेपटीकडचे टोक टेबलावर ठोकायचे. धक्क्याने पात्याचे टोक चिरेतून थोडे वर येते आणि मग ते धरून उघडायचे. युक्ती चालते, पण चारचौघांत उपाहारगृहाच्या टेबलावर चाकू ठोकणे शोभत नाही, आणि आरामाच्या दृष्टीने ही सोय नव्हे, तडजोड आहे. अधिक टिकाऊ उपाय उन्हाळ्यातच करावा लागतो: लाकूड पूर्ण सुकलेले असताना चिरेत आणि रिव्हेटच्या भोवती घाण्याचे जवसाचे तेल थोडे थोडे मुरवायचे, चाकू उघडा ठेवून काही दिवस वाळू द्यायचा आणि पुन्हा तेच करायचे. रंगाच्या दुकानात मिळणारे उकळलेले जवसाचे तेल घेऊ नये, त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार मिसळलेले असू शकतात आणि हा चाकू फळाला लागणार आहे. जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नये, ती आपोआप तापून पेट घेऊ शकते, पसरून वाळवावी. हे सगळे करण्याची ज्यांची तयारी नाही, त्यांनी मुठीत काचतंतूयुक्त प्लास्टिक असलेला याच कंपनीचा आउटडोर प्रकार पाहावा. तो फुगत नाही, ओल्या हातात कमी फिरतो आणि शेपटीत शिट्टीही आहे. पण लाकडाची ऊब त्यात नाही, आणि त्याच्या पात्याचा काही भाग करवती आहे, जो फळाला नको आणि दोराला हवा असा असतो.

पोलादाविषयी आपल्यापुरते थोडेच सांगायचे आहे. हा चाकू दोन पोलादांत मिळतो: सुमारे 0.90 टक्के कार्बनचे साधे पोलाद आणि न गंजणारे स्टेनलेस. साध्या पोलादाला धार लवकर आणि छान लागते, याविषयी वाद नाही. पण कैरी, लिंबू, आवळा, कोकम अशा आंबट गोष्टी त्याला लगेच काळवंडतात, फोडींनाही तो काळपटपणा आणि लोखंडाची चव लागते, आणि समुद्रकाठच्या हवेत न पुसता ठेवलेले पाते एका रात्रीत तांबूस होते. गंजलेले पाते चिरेत घासत उघडते, म्हणजे पुन्हा उघडण्याचाच त्रास. महाराष्ट्र-गोव्यात राहणाऱ्याने स्टेनलेस घ्यावे. वर्षभर कोरड्या हवेत राहणाऱ्याने, आणि ज्याला दर वापरानंतर पाते पुसण्याची शिस्त आहे त्याने, हवे तर कार्बनचा मोह करावा.

सुरक्षिततेबाबत एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या चाकूला पुढे बोट अडवणारा कोणताही कठडा नाही. भोसकण्याच्या किंवा टोक रुतवून फिरवण्याच्या कामात, उदाहरणार्थ डब्याचे झाकण टोकाने उचकटताना, हात वळ्यावरून पुढे सरकून धारेवर जाऊ शकतो. तो ओढून कापण्याचा चाकू आहे आणि तसाच वापरला तर शेपटी आपले काम करते. लहान मुलांसाठी कंपनीचा गोल टोकाचा क्रमांक 7 चा प्रकार आहे. मुलांना हातात चाकू द्यायचाच असेल तर तो द्यावा, 8 नव्हे. क्रमांक 2 ते 5 यांना कुलूप नसते, हेही भेट म्हणून छोटा चाकू घेणाऱ्याने लक्षात ठेवावे.

1985 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने जगातल्या सुंदर वस्तूंच्या निवडीत या चाकूला स्थान दिले होते, आणि विक्रेते ते आवर्जून सांगतात. सांगू देत. खरेदी करताना मात्र पंजा मोजावा: तर्जनीच्या मुळापासून करंगळीच्या मुळापर्यंत तळव्याची रुंदी साडेसात ते साडेआठ सेंटिमीटर असेल तर क्रमांक 8, त्याहून कमी असेल तर 7, जास्त असेल तर 9. हा माझा स्वतःचा ढोबळ आडाखा आहे, पण हात न लावता ऑनलाइन मागवणाऱ्याला तो उपयोगी पडेल. पार्सल आल्यावर पात्यावरची मुकुटधारी हाताची मुद्रा पाहावी, कारण 1909 पासूनची ती खूण नकली मालावर बहुधा अस्पष्ट उठते. मग वळे दोन्ही स्थितींत फिरते का, पाते उघडल्यावर बाजूला डुगडुगते का आणि मिटल्यावर चिरेच्या मध्यावर बसते का, हे तपासावे. लाकूड असल्याने प्रत्येक नग थोडा वेगळा असतो. पाते भिंतीला घासत असेल तर परतीची मुदत संपण्यापूर्वी बदलून घ्यावे. आणि विमानाने जाणार असाल तर तो आधीच मोठ्या बॅगेत टाकावा, कारण हातातल्या सामानात तो नेता येत नाही.